सहाव्या जागेवर

६ जुलै २०१४, रविवार

ही डायरी कंपनीने जानेवारीत वाटली होती. सहा महिने कपाटावर पडून होती. आज पुढची कोरी पानं उलटत जुलैवर आलो. वीस वर्षं झाली, वरठीच्या पोलादाच्या प्लांटमध्ये फिटर आहे. तिथलं लॉगबुक रोज लिहितो. कोणतं बेअरिंग गरम झालं, कोणती मोटर बंद पडली. घरचं कधी लिहिलं नव्हतं.

खुशबूला भंडाऱ्याच्या कॉलेजात अकरावी सायन्स मिळालं. कॉलेज सुरू व्हायच्या आधी तिला दवाखान्यात दाखवून आणलं. तिथल्या सिकलसेलच्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या, पोरीला कधी दुखतं, किती दिवस दुखतं, त्या दिवशी थंडी होती का, पाणी किती प्यायली, सगळं लिहून ठेवत जा. दीपमाला म्हणाली, "मी लिहीन." मी म्हटलं, "तुह्यं अक्षर त्यांना लागणार नाही. मी लिहितो." म्हणून हे.

खुशबू सोळा वर्षांची. चार वर्षांची होती तेव्हा नागपूरला कळलं की तिला एसएस, म्हणजे पूर्ण सिकलसेल आहे. रक्तातल्या लाल पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नळ्यांत अडकतात, आणि अडकतात तिथलं हाड ठणकतं. तिच्या आधी आम्हाला मुलगा होता, सिद्धार्थ. चौदा महिन्यांचा होऊन तापात गेला. तेव्हा कोणी रक्त तपासलं नव्हतं.

माय या आजाराला 'पवनीचं दुखणं' म्हणते. पवनी म्हणजे दीपमालाचं माहेर. मायचं वय झालं, मी मनावर घेत नाही. दीपमालाही काही बोलत नाही, म्हणजे तीही घेत नसावी.

निघताना मॅडम म्हणाल्या, "खुशबूचे बाबा, तुमची तपासणी राहिलीच आहे ना?" मी म्हटलं, ड्यूटी असते. "बारा वर्षं ड्यूटी?" असं हसून म्हणाल्या. मीही हसलो.

२० जुलै, रविवार

दुखणं नाही. पाणी तीन लिटर.

आज पोरीने मला शिकवलं. तिचा धडा इंग्रजीत आहे, ती मला आपल्या भाषेत सांगते. अणूंना एकटं राहणं जमत नाही, बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉन कमी पडतात. मग एक अणू देऊन टाकतो, दुसरा घेतो आणि दोघं ओढीने जवळ राहतात. मीठ असं बनतं. काही अणू मात्र देत-घेत नाहीत, दोघांत मिळून वापरतात. पाणी असं बनतं. आणि आपलं अंग, मांस, कातडी, केस, बहुतेक अशा मिळून वापरणाऱ्यांचंच आहे. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन.

मग म्हणाली, "बाबा, लोखंडाले ऑक्सिजन भेटला का काय होते?"

"गंज."

"अन् भट्टीतून निघालेल्या लाल लोखंडाले?"

"काळा पापुद्रा चढते. आम्ही स्केल म्हणतो."

"तो ऑक्सिजन मंग वापस निघते का?"

"कायचा निघते! पापुद्राच काढावा लागते, अन् लोखंड घेऊनच निघते तो."

"रक्तात बी लोखंड आहे, बाबा. ते ऑक्सिजनले फुफ्फुसात धरते अन् पायाच्या बोटात जाऊन सोडून देते. तिथं त्याच्याभोवती हिमोग्लोबिनची घडी अशी आहे का त्याले गंजूच देत नाही."

वीस वर्षं लोखंडात काढली, पण सोडून देणारं लोखंड आज पहिल्यांदा ऐकलं. उद्या टेकचंदला सांगणार. टेकचंद माझ्यासोबत मेंटेनन्सला आहे, आंधळगावहून येतो. त्याला वाटतं प्लांटबाहेर लोखंडाचा अभ्यास कोणी करत नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

या आठवड्यातही दुखणं नाही, असं ती सांगते. कॉलेज मानवलेलं दिसतं.

दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी आता स्वतःच्या दप्तरात ठेवते. मोठी झाली. मात्र पट्टी लवकर संपली. मैत्रिणींचं डोकं दुखलं की देत असेल, स्वभावच तसा आहे तिचा. दीपमाला उगाच म्हणते, पोट्टी चालताना डावा पाय सांभाळून टाकते. मी पाहिलं. मला तसं काही दिसलं नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

आज मंगरूबाबा आले होते. दीपमालाचे वडील. पवनीला राहतात, आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात धानाच्या रोवण्या-कापण्या केल्या. सत्तरी ओलांडली तरी एसटीने एकटे येतात. येताना खुशबूसाठी काहीतरी असतंच. आज शिंगाडे होते.

आम्ही ओसरीवर बसलो होतो. माय होती, शेजारच्या सत्यभामाबाई सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या, खुशबू दाराशी वाचत होती. बाबांनी खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. पवनीत रक्त तपासायचं शिबिर झालं होतं. कागदावर त्यांचं नाव आणि पुढे एएस लिहिलेलं. म्हणजे वाहक. स्वतःला त्रास नाही, पण पुढच्या पिढीला देऊ शकतो.

बाबा खाली उतरले आणि त्यांनी हात जोडले. "जवाईबापू, माह्याच रक्तातून आलं जी हे. माह्यामुळं तुमचा पोरगा गेला, पोरीच्या जिवाले बी लागलं. मले मालूम नोहतं. माफ करजा."

मी म्हटलं, "बसा बाबा, असं कायले करता." हात धरून त्यांना वर बसवलं.

माय म्हणाली, "मी तं पयलेपासून सांगत होती." सत्यभामाबाईंनी सूप हलवणं थांबवलं. दीपमाला आतून पाणी घेऊन आली होती, ती तशीच वळून आत गेली.

आणखी काय बोलायचं होतं मी? म्हातारा माणूस, चूक त्यांची नाहीच, तेवढं मी त्यांना म्हटलं. दोन वेळा म्हटलं. मला खरं म्हणजे बाकीचं नीट माहीत नाही, मी काही डॉक्टर नाही. बाबा न जेवता दुपारच्या गाडीने गेले. भूक नाही म्हणाले.

१ सप्टेंबर, सोमवार

खुशबू काल दुपारपासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढलं तर मान खाली घालून जेवते. मोबाईल मागत होती, मी बारावीनंतर म्हटलं होतं, त्याचाच राग असावा. पोरी या वयात असतातच हट्टी.

१२ ऑक्टोबर, रविवार

पाणी अडीच लिटर. दुखणं नाही.

मोटरसायकलवर खुशबूला घेऊन पुस्तकं आणायला भंडाऱ्याला निघालो, तर रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी. मी इंजिन बंद केलं. खूप दिवसांनी ती आपणहून बोलली.

"बाबा, हिमोग्लोबिनची साखळी अशीच असते. डब्याले डबा जोडलेला. एकशे सेहेचाळीस डबे. कोणत्या नंबरवर कोणतं अमिनो आम्ल, सारं ठरलेलं."

"अन् तुह्यी साखळी?"

"माह्या साखळीत सहाव्या जागेवरचा डबा बदलला. फक्त एक. तिथं ग्लुटामिक आम्ल पाहिजे होतं. त्याच्या टोकाले ऋण भार असते, त्याले पाण्याजवळ राहायले आवडते. त्याच्या जागी आलं व्हॅलीन. त्याले भार नाही, ते पाण्यापासून लपते. ऑक्सिजन सुटला का बाजूच्या हिमोग्लोबिनवर एक खाच उघडते, त्या खाचेत हे जाऊन बसते. मंग एकाले दुसरा, दुसऱ्याले तिसरा चिकटत जाते. पेशीत दोरखंड तयार होतात. पेशी वाकडी होते."

"म्हणून पाणी पीत राहायचं?"

"हव. पेशीत पाणी असलं का दाटी कमी होते. चिकटायले वेळ लागते."

मला पहिल्यांदा नीट समजलं. बारा वर्षं मी फक्त 'रक्त वाकडं होतं' एवढंच म्हणत होतो.

डबे जातच होते. ती माझ्या पाठीमागून म्हणाली, "ह्या साखळीचा नकाशा दोन ठिकाणून येते, बाबा. एक आईकडून, एक बाबाकडून. एकच चुकीचा असता तं मले काही झालं नसतं. अर्धं चांगलं राह्यलं असतं. माह्ये दोन्ही चुकीचे आहेत."

तेवढ्यात फाटक उघडलं. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी किक मारली. पुस्तकाच्या दुकानात गर्दी होती, मग तिला समोसा घेऊन दिला. परत येताना ऊन फार होतं.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. दरवर्षी मंगरूबाबा खुशबूला पवनीला न्यायला येतात. यंदा आले नाहीत. गावच्या माणसाबरोबर निरोप पाठवला की पोरीला कोणाबरोबर तरी धाडा. धान कापणीचे दिवस, कामात असतील. दीपमाला म्हणाली, "बाबानं कापणी सोडून चार वर्षं झाले." मी म्हटलं, असेल काही दुसरं.

१८ डिसेंबर, गुरुवार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितो आहे. डायरी पिशवीतच होती, मॅडमना दाखवायची म्हणून.

पहिल्या पाळीत असताना अकराच्या सुमारास फोन आला. खुशबूच्या कॉलेजचे अतुल सर. तिला प्रयोगशाळेत छातीत दुखायला लागलं, श्वास घेता येईना. त्यांनी ऑटोत घालून सरळ जिल्हा रुग्णालयात आणलं होतं. मी पोहोचलो तेव्हा तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती, ओठ राखेसारखे. दीपमाला माझ्याआधी आली होती, तिचे पाय चोळत होती.

अतुल सर लहानच आहेत, असतील अठ्ठावीसचे. खुशबूचं दप्तर छातीशी धरून उभे होते. म्हणाले, "मी थांब म्हणत होतो, तर म्हणाली, सर, शेवटचं रीडिंग घेऊ द्या. मैत्रिणी सांगतात, दहा-बारा दिवसांपासून दुखत होतं. घरी सांगू नका म्हणायची. प्रॅक्टिकल बुडलं तर कॉलेज सोडावं लागेल, असं तिला वाटायचं."

दहा-बारा दिवस. मी डायरी उघडून पाहिली. प्रत्येक दिवसावर माझ्याच अक्षरात लिहिलं आहे: दुखणं नाही.

डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसातल्या नळ्यांत पेशी अडकल्या आहेत. रक्त चढवावं लागेल. बदली रक्त देणारं कोणी आहे का? मी म्हटलं, मी आहे. बाप आहे.

रक्तपेढीतल्या मुलीने फॉर्म भरला. ओ पॉझिटिव्ह, खुशबूचाच गट. मग विचारलं, "काका, तुमची सिकलची तपासणी झाली आहे का?" मी नाही म्हटलं. आज ड्यूटी म्हणता आलं नाही.

तिने बोटातून थेंब घेतला, नळीतल्या पाण्यात सोडला आणि थांबली. जवळच आणखी एक नळी होती, दुसऱ्या कोणाची. नळ्यांच्या मागे काळ्या ओळींचं कार्ड ठेवलं. त्या नळीतून ओळी स्वच्छ दिसत होत्या. माझ्या नळीतून काहीच दिसेना. सगळं गढूळ. तिने नळी उजेडाकडे धरली, मी वाकून पाहिलं, चष्मा पुसून परत पाहिलं.

"काका, तुमचं रक्त तिले चालणार नाही. तुम्ही बहुतेक वाहक आहात. पक्का रिपोर्ट नंतर मिळेल. तुम्ही दुसरं कोणी आणा, लवकर."

टेकचंदला फोन केला. तो कामाच्या कपड्यांतच आला, हाताला ग्रीस. हात धुऊन पलंगावर जाऊन झोपला, एक शब्द विचारला नाही.

दीपमालाने विचारलं, "दिलं का रक्त?"

मी म्हटलं, "गट जुळला नाही. टेकचंदनं दिलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली आणि परत पाय चोळायला लागली.

असं का बोललो, मला सांगता येत नाही. लिहितो आहे तरी सांगता येत नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

ताप उतरला. ऑक्सिजन थोडा कमी केला. दीपमाला काल सकाळपासून जेवली नाही. माय घरून डबा पाठवते, त्यात माझ्यापुरत्याच तीन भाकरी असतात.

२१ डिसेंबर, रविवार

खुशबू आज उशीला टेकून बसली. दीपमाला खाली औषधं आणायला गेली होती. मी संत्र्याच्या फोडी सोलत होतो.

"बाबा, तुमचा गट ओ पॉझिटिव्ह आहे ना?"

मी पुढची फोड सोलायला घेतली.

"आईनं सांगतलं का गट जुळला नाही म्हणून. माह्या फाइलवर बी ओ पॉझिटिव्ह आहे." तिला मध्येच थांबून श्वास घ्यावा लागत होता. "मले तं दहावीतच मालूम झालं होतं, बाबा. आजोबा आले त्या दिवशी मी दाराशी बसून वाट पाहून राह्यली होती. म्हटलं, आता बाबा म्हणतीन, एकट्या तुमच्याकडून नाही आलं. एवढंच तं म्हणायचं होतं."

"मले तेव्हा पक्कं माहीत नव्हतं, बेटा."

"मी तुम्हाले फाटकावर सांगतलं."

पुढे बोलता येईना तर तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग तसंच डोळे मिटून म्हणाली, "तुम्ही दिलं ह्याचा राग नाही. तुम्हाले काय मालूम, आजोबाले काय मालूम. पण आईनं एकटीनं ऐकलं. सिद्धार्थदादाचं बी तिनंच ऐकलं."

मी संत्रं हातात धरून बसलो होतो. सिद्धार्थ गेला तेव्हा माय म्हणाली होती, हिच्या पोटचं टिकत नाही. मी तिथेच उभा होतो. सतरा वर्षं झाली. मला पायरी आठवते, कोणता शर्ट घातला होता तो आठवतो. मी काय म्हटलं ते आठवत नाही, कारण मी काही म्हटलंच नव्हतं.

सिकलसेल तपासणीचं शिबिर लागलं की मी ड्यूटी बदलून घ्यायचो. आज हे लिहून टाकतो. दोन वेळा सुट्टी असताना प्लांटमध्ये गेलो आणि टेकचंदसोबत कॅन्टीनमध्ये बसलो.

२४ डिसेंबर, बुधवार

खुशबूला घरी आणलं. निघताना माझा रिपोर्ट मिळाला. एएस. खिशात ठेवला.

२५ डिसेंबर, गुरुवार

सकाळी चहा झाल्यावर मायला आणि दीपमालाला समोर बसवून सांगितलं. माझ्याही रक्तात आहे. अर्धं दीपमालाकडून, अर्धं माझ्याकडून. दोन्हीकडून आलं नसतं तर खुशबूला झालं नसतं, सिद्धार्थलाही बहुतेक झालं नसतं. रक्त जुळलं नाही हे मी खोटं सांगितलं होतं, तेही सांगितलं.

माय म्हणाली, "आपल्या घरात असं काई नोहतं. मशीन चुकली असन." आणि उठून गेली.

दीपमाला बसून होती. म्हणाली, "मले मालूम आहे."

"कधीपासून?"

"नागपूरच्या डॉक्टरनं तेव्हाच कागदावर काढून दाखवलं होतं. दोन्हीकडून लागते म्हणून. तुम्ही चहा प्यायले बाहेर गेले होते."

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलली. एसटीत बोलली तुम्हाले. तुम्ही म्हणाले, डॉक्टरले काही समजत नाही."

मला हे आठवत नाही. पण दीपमाला खोटं बोलत नाही.

मला वाटलं होतं, सांगितलं की तिला हलकं वाटेल. ती रडेल, मग बरं होईल. ती रडली नाही. संध्याकाळी पाण्याची बादली इतक्या जोरात ठेवली की अर्धी सांडली, आणि ती पुसायलाही थांबली नाही. एकोणीस वर्षांत तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

४ जानेवारी २०१५, रविवार

कंपनीची नवी डायरी यंदा अजून मिळाली नाही. जुन्याच डायरीच्या मागच्या पानांवर लिहितो.

दीपमाला आज पवनीला गेली. खुशबू आता हिंडते-फिरते, म्हणून गेली. मी विचारलं, "कधी येशील?" म्हणाली, "पाहू." खुशबूला जवळ घेतलं, मायच्या पाया पडली आणि पिशवी उचलली. मी स्टँडपर्यंत सोडतो म्हटलं तर ऑटोत बसली.

११ जानेवारी, रविवार

सकाळची पाळी बदलून दिवसाची जनरल पाळी घेतली, कारण खुशबूचं पाहायचं असतं. आठ दिवसांत काय काय कळलं ते लिहितो. अंघोळीचं पाणी कोमटाच्या थोडं वर लागतं. मोजे घालायच्या आधी शेकावे लागतात. फॉलिक ॲसिडची गोळी नाश्त्यानंतर, दुसरी कॅप्सूल वेगळी. पोरगी "बरं आहे" म्हणाली तर विश्वास ठेवायचा नाही, तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पाहायचा, पिवळा आहे का. जिना चढताना कठड्याला हात लावते का पाहायचं. मी सहा महिने डायरी भरली आणि यातलं एकही पाहिलं नाही. डावा पाय ती खरंच सांभाळून टाकते.

दुपारी माय माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ पदराचं टोक पिळत होती.

"माहा एक भाऊ होता," म्हणाली. "चिंधू. माह्यापेक्षा लहान. हिवाळा लागला का रडे, पाय धरून रडे. बाबा त्याले खांद्यावर घेऊन फिरे. नऊ वर्साचा होऊन गेला."

मला आजवर माहीत नव्हतं, मायला चिंधू नावाचा भाऊ होता.

"लोकं म्हणत, वारं लागलं. माही माय बी म्हणे. कोण सांगन तवा?" मग पदराचं टोक सोडून, "तुही बायको कधी येते?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"मले घेऊन चाल पवनीले."

१८ जानेवारी, रविवार

तिघंही पवनीला जाऊन आलो. मी, माय, खुशबू. मायला एसटीत मळमळतं, तरी आली.

मंगरूबाबा अंगणात पिंपळाच्या सावलीत बसले होते, शेजारचे दोघे-तिघे म्हातारे सोबत होते. मला पाहून उठायला लागले. मी पाया पडलो आणि म्हटलं, आत चला, बोलायचं आहे. आत खोलीत त्यांना सगळं सांगितलं. कागद दाखवला. त्यांना वाचता येत नाही, त्यांनी तो हातात धरून ठेवला.

दीपमाला चुलीजवळ होती. माझं बोलणं झाल्यावर तिथूनच म्हणाली, "आत काहून सांगून राहिले?"

मला कळलं नाही.

"माह्या बापानं तुमच्या ओसरीवर हात जोडले होते. आत्याबाईसमोर, सत्यभामाबाईसमोर. पुरी गल्ली ऐकून राह्यली होती. अन् तुम्ही दार लोटून सांगता?"

माय माझ्याकडे पाहत होती. खुशबू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती.

मी बाबांना घेऊन बाहेर ओसरीवर आलो. म्हातारे होतेच, शेजारच्या दारातली बाई होती, सायकल दुरुस्त करणारे दोघे जण होते. प्लांटमध्ये दोनशे माणसांसमोर सेफ्टीचं भाषण दिलं आहे मी, तेव्हा शब्द शोधावे लागले नव्हते.

म्हटलं, "हे माझे सासरे. ह्यांनी माझ्या घरी येऊन माफी मागितली, का पोरीचा आजार ह्यांच्याकडून आला. मी ऐकून घेतलं. अर्धा आजार माझ्याकडून आला आहे. माझंही रक्त तसंच आहे. एकट्या ह्यांच्याकडून, एकट्या दीपमालाकडून असं होतच नाही. मी बारा वर्षं तपासणी टाळली. माफी मी मागायची होती." आणि खाली उतरून हात जोडले.

सायकलवाल्याच्या हातातला पाना तसाच राहिला.

मग मायने मला बाजूला केलं. म्हणाली, "दादा, माहा भाऊ बी ह्याच दुखण्यानं गेला. मी तुमच्या पोरीले लय बोलली." एवढंच बोलली आणि पदर तोंडाला लावून खाटेवर बसली.

मंगरूबाबांनी माझे हात धरून खाली केले. हळूच म्हणाले, "आता तुमच्या घरी जेवता येईन मले."

कापणी वगैरे काही नव्हतं तर. पाच महिने हा माणूस नातीला भेटायला आला नाही, आणि मी धान कापून राहिले असतील म्हणत होतो.

पुढे जेवणं झाली. खुशबूने आजोबांना अंगणात काडीने साखळी काढून दाखवली, सहाव्या जागेवर गोल केला. बाबा म्हणाले, "एवढ्याशा जागेनं एवढं?" ती हो म्हणाली. बाबांनी विचारलं, हे दुरुस्त होते का? ती म्हणाली, अजून नाही, पण लोक त्याच जागेवर काम करून राहिले आहेत, ती बी करणार आहे. मी तिच्याकडे पाहिलं. मला हे कधी बोलली नव्हती.

दीपमालाने मला वाढलं. आणखी भात हवा का विचारलं, पण डोळ्यांकडे पाहिलं नाही. स्टँडवर सोडायला आली, मायचा हात धरून तिला एसटीत चढवलं. मी खाली उभा राहिलो, काही म्हणेल म्हणून. तिने माझ्या शर्टाच्या खांद्यावरचं गवत झटकलं आणि मागे सरकली.

गाडी सुटल्यावर खुशबू म्हणाली, आई शनिवारी येणार आहे. तिला सांगितलं आहे. मला नाही सांगितलं.

शनिवारची सुट्टी टाकली आहे.